खोली

धैर्यशीलच्या चुलत्यानं दुबईहून आणलेला तो डबा
राजारामपुरीतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत उघडला, तेव्हा
आम्ही नऊ जण होतो आणि खोली दहा बाय बारा.
चष्मा नको, काही नको, धैर्या म्हणाला,
नुसतं समोर धर. नाकाच्या रेषेत. हलू नको.

पहिला सर्फराज.
धरला, आणि मान मागं घेतली,
कुणी डोळ्यात बोट घालतंय अशी.
‘आयला, बाहेर आलं की रं!’
बाहेर कुठलं, आत गेलंय, सुहास म्हणाला,
विहिरीत वाकून बघितल्यागत.
दोघांची त्यावरच जुंपली,
तोवर डबा पुढच्या हातात.
कुणी म्हणालं, जगात भारी.
कुणी म्हणालं, डोकं उठलं, गोळी हाय का.
बबलूनं मान जरा वाकडी केली
तर एका घोड्याचे दोन झाले,
दोन्ही लंगडे.

मग माझी पाळी.

मला एकच डोळा आहे, डावा.
उजवा सहाव्या वर्षी हुपरीत गेला.
मामाच्या भट्टीत चांदी तडतडली,
पैंजणात जायचा एक थेंब माझ्याकडं आला.
आता तिथं काच आहे, मिरजेत बसवलेली,
इतकी बेमालूम की ह्या आठ जणांना
मी कधी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर डोंगर होता, चपटा,
वाण्याच्या कॅलेंडरवर असतो तसा.
कडेला छोटी सरकपट्टी.
‘वर ढकल,’ धैर्या म्हणाला, ‘खोली वाढंल.’
ढकलली. डोंगर जागचा हलला नाही.
खोली तेवढीच, दहा बाय बारा,
आणि आठ जण माझ्या तोंडाकडं बघत होते.

‘काटा किर्र,’ मी म्हणालो.

दिवाळीत टीव्हीवर कॅमेरा बसला.
हातात काही धरायचं नाही, आपलं अंगच बटण.
सर्फराजनं दोन दिवसांत शोधून काढलं
की पाय न हलवता नुसते हात फेकले
तरी ठोसा पुरा बसतो.
हिंदुराव आबा दारात उभे होते,
धैर्याचे आजोबा, जुन्या मातीतले,
गुडघ्याची वाटी गेलेले.
‘पाय न्हाईत, तर जोर कुठनं आणतंय ह्ये?’
मग स्वतःच उतरले. शड्डू ठोकला.
मशीनला शड्डू कळला नाही.
पडद्यावर अक्षरं आली, धैर्यानं वाचली:
मागे सरका.
सरकले.
मागे सरका.
पाठ दाराला टेकली.
मशीनला हवी तेवढी खोली
त्या खोलीत नव्हतीच.
शेवटी दार उघडून आबा गल्लीत गेले,
गटारीच्या फरशीवर उभं राहून
आतल्या टीव्हीतल्या गड्याला हाणू लागले.
भाजीवाली थांबली. दोन रिक्षा थांबल्या.
‘आबा, खालनं! खालनं घ्या!’
हरले. कपाळ पुसून हात बघितला,
‘घाम मातूर खरा हाय.’

धापा टाकत पायरीवर माझ्याजवळ बसले.
बराच वेळ काही नाही. मग हळूच,
‘उजवा का रं?’

मी गप्प.

‘कप घेताना मान हलवून अंतर मोजतोस.
आमच्या तालमीत एक होता असा.
त्याला मी कायम उजवीकडनं धरायचो.’
चहाची साय बोटानं बाजूला केली.
‘चार कुस्त्या मारल्या तशा.’

धैर्याच्या डब्याची सरकपट्टी
महिन्याभरात सगळ्यांनीच खाली ओढून ठेवली.
बॅटरी खाते. डोकं उठतं.
रिक्षातनं रंकाळ्याला जाताना तर
खड्ड्याखड्ड्याला घोडे वाढायचे.
आता सगळेच बघत होते तो चपटा डोंगर,
आणि तक्रार कुणाची नव्हती.
सर्फराजला एकदा विचारणार होतो,
नक्की कसं दिसलं होतं, बाहेर का आत.
राहून गेलं.

आबा मात्र त्यानंतर कधीही आले
की वळसा घ्यायचे,
त्या तसल्या गुडघ्यानं, भिंतीला धरत,
सगळ्यांच्या चपला ओलांडून,
माझ्या डावीकडनं यायचे.